खणाच्या आतली नावं

पडदा म्हणून टांगलेली चादर एका बाजूनं खाली आली होती आणि तेवढ्यावरून दोन्ही भावांची सकाळपासून जुंपली होती.

"डावीकडून वर घे," दादा खुर्चीत बसून म्हणाला.

"कुणाच्या डावीकडून? तुझ्या की माझ्या?" स्टुलावर चढलेल्या बाळनं विचारलं. पन्नाशी उलटून केस पिकले तरी घरात तो बाळच होता. शाळेतलं त्याचं नाव त्याला स्वतःला फक्त सही करताना आठवायचं.

"जगाच्या डावीकडून."

"जग कुठं तोंड करून उभंय ते सांग, मग घेतो."

काउंटरमागे उभी असलेली आत्या गालातल्या गालात हसली. दोघांच्या मधली ही बहीण, आणि वडिलांच्या, आप्पांच्या, मागं बटणांचं हे दुकान चालवणारी तीच. भांडण चादरीचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. चादर निमित्त होती. तिच्यावर आज दादाच्या मुलीचं, भिंगरीचं, काम साऱ्या रस्त्याला दिसणार होतं, आणि ते दिसावं की नाही यावर दोघा भावांचं एकमत नव्हतं.

भिंगरीनं चांगली लठ्ठ पगाराची नोकरी सोडली होती आणि दोन मैत्रिणींना हाताशी धरून 'मांडणी' नावाची वस्तू घडवली होती. वस्तू म्हणजे हातात धरता येईल असं काही नाही. पण छोट्या दुकानदारानं मोबाइल उघडायचा, मालाचे फोटो काढायचे, नावं लिहायची, की त्याचं दुकान इंटरनेटवर उभं. तेही आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, कुणा शहाण्याच्या पाया न पडता. 'पिशवीत टाका' असं बटण होतं. पत्त्याखाली 'जवळची खूण' लिहायला जागा होती. आणि सगळ्यात शेवटी एक चौकोन होता, 'काही सांगायचंय?' तो चौकोन आत्याच्या हट्टापायी आला होता. गिऱ्हाईक काही सांगितल्याशिवाय कधी जातं का?

बापलेकीचा सौदा सरळ होता. रस्त्यावरच्या दुकानदारांनी आज 'मांडणी' घेतली तर भिंगरी इथं राहील. नाही घेतली तर लांबच्या शहरातली जी कंपनी तिला परत बोलावत होती, तिला उद्या हो म्हणेल आणि जाईल. बाळ उघड उघड पुतणीच्या बाजूनं. वहिनी, म्हणजे भिंगरीची आई, चारचौघांत नवऱ्याच्या बाजूनं. पण पाहुण्यांसाठी बिस्किटांचे एवढे डबे कुणी आणून ठेवले, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. राहिली आत्या. आईबाप दोघं कामावर जायचे तेव्हा भिंगरी याच काउंटरखाली बसून बटणांचे रंग निवडायची. ती गेली तर दुकान सुनं होईल, आणि दुकानापेक्षा आत्या सुनी होईल. हे ती कुणाला बोलली नव्हती. पोरीच्या पायात आपला जीव अडकवायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"आत्या, दुकान सगळं 'मांडणी'त भरलंस ना गं?" भिंगरी वायरींच्या गुंत्यातून डोकं वर काढून म्हणाली.

"सगळं. एकूण एक खण."

"पहिली दहाबारा मी भरून दाखवली होती, तशीच ना?"

"अगं, नाव लिहायचं, त्यात काय शिकायचंय? चाळीस वर्षं तेच करतेय."

"मग मला बघायला नको. तू भरलंस म्हणजे चोख." भिंगरी पुन्हा वायरींत शिरली. पैसे भरण्याची सोय नीट चालते की नाही, या काळजीनं तिचे दोन दिवस गेले होते.

दुकानाच्या तिन्ही भिंती जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेल्या. प्रत्येक खणाच्या तोंडावर एकच बटण शिवलेलं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे ते कळावं. नाव बाहेर कुठंच नाही. नाव असायचं आतल्या बाजूला, खण ओढल्यावर काउंटरमागच्या माणसालाच दिसेल असं. ही आप्पांची रीत. जे बटण ज्यानं पहिल्यांदा मागितलं त्याचं नाव त्या खणाला, आणि तेही आप्पांच्या मनाला येईल तसं. गिऱ्हाइकानं बटण बघावं, दुकानदारानं माणूस लक्षात ठेवावा, असं ते म्हणत.

पाहुणे यायला लागले. बेकरीवाली आली, घड्याळजी आले, चपलांच्या दुकानातलं जोडपं आलं. खुर्च्या संपल्यावर लोक धाग्यांच्या खोक्यांवर बसले. सगळ्यांत शेवटी हेडमास्तर आले, काळा कोट घालून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वह्या-पेनांचं दुकान काढलं आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्षही झाले. ते हो म्हणाले की रस्ता हो म्हणायचा. ते नाही म्हणाले की विषय संपला. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली.

"डुगडुगते," ते म्हणाले.

बाळनं पळत जाऊन दुसरी आणली.

भिंगरी बोलायला उभी राहिली. आवाज पहिल्या दोन वाक्यांना जरा कापला, मग लागला. चादरीवर दुकानाचं दार उघडल्यासारखं चित्र आलं आणि खाली ओळीनं बटणं दिसू लागली. 'पांढरं, दोन भोकांचं, शर्टासाठी.' 'निळं, गोल, लहान मुलांच्या कपड्यांसाठी.' लोकांनी माना डोलावल्या. बेकरीवाली म्हणाली, "वा, स्वच्छ दिसतंय की." आत्याचा ऊर भरून आला. तिनं चोरून दादाकडे पाहिलं. तोही बघत होता आणि त्याचं तोंड नेहमीएवढं वाकडं नव्हतं.

"हे झालं तुम्ही आधी ठरवून ठेवलेलं," हेडमास्तर म्हणाले. "मी सांगतो ते काढून दाखव. काळं बटण, कोटाचं."

"काढते ना सर." भिंगरीनं शोधायच्या चौकोनात 'काळं कोट' लिहिलं.

चादरीवर तीन बटणं आली. तिन्ही काळी, तिन्ही कोटाची. आणि त्यांच्याखाली मोठ्या ठसठशीत अक्षरांत तीन नावं.

'घोरणारे डॉक्टर.'

'वकीलसाहेब, पोट सुटल्यानंतर.'

'खडूस हेडमास्तर.'

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि टाचण्या तर तिथं पुष्कळ होत्या.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. भिंगरीनं सांगितलं होतं, इथं फोटो लाव, इथं यादीतून रंग आणि प्रकार निवड, इथं नाव लिही. फोटो म्हणजे खणाचं तोंड, नाव म्हणजे आतली बाजू, असंच तिनं धरलं होतं. दुसरं काही असू शकतं हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आतलं नाव गिऱ्हाइकाला कोण दाखवतं?

"झालं!" दादा पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "शोभा झाली. मी म्हणत होतो, मी म्हणत होतो."

"तू काय म्हणत होतास? हे म्हणत होतास?" बाळ उसळला, आणि लगेच बहिणीवर उलटला. "आणि ताई, तूही कमाल करतेस! एकदा कुणाला दाखवायचं तरी!"

म्हणजे पक्कं आपल्या बाजूचं म्हणावं असं माणूस पहिल्या झटक्याला पलीकडे गेलं. आणि जी पलीकडची धरली होती ती वहिनी ताडकन उठून काउंटरपाशी आली, आत्याच्या शेजारी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा. माझ्या नणंदेनं एकटीनं एवढे खण भरलेत. तुम्ही एक तरी भरला का?"

दादा गप्प बसला. लग्नाच्या इतक्या वर्षांत चारचौघांत असं पहिल्यांदाच झालं होतं, त्यामुळे काय करावं ते त्याला सुचलंही नसावं.

भिंगरीची बोटं चित्र बंद करायला निघाली होती. 

"थांब," हेडमास्तर म्हणाले. ते उठले, चादरीजवळ गेले, चष्मा सरसावून त्यांनी नाव पुन्हा वाचलं आणि वळले. "आत्याबाई. खडूस?"

सारवासारव करता आली असती. हे दुसरे हेडमास्तर, तुमच्या आधीचे, असं काहीतरी. आत्याला ते सुचलंही. पण खोटं बोलताना तिचे कान लाल होतात हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "आप्पांनी ठेवलेलं नाव. पण मी बदललं नाही, हेही खरं."

"कारण?"

"तुम्ही कोटाची बटणं नेलीत आणि परत आणलीत. पुन्हा नेलीत, पुन्हा आणलीत. एका बटणाचं एक भोक तिरकं आहे म्हणून."

"होतंच ते तिरकं!"

"होतं ना," आत्या म्हणाली. आता बोलायला लागल्यावर तिला धीर आला. "म्हणून तर आप्पांनी तो सगळा माल परत पाठवला आणि दुसरीकडून मागवला. तेव्हापासून त्या खणात तिरकं भोक आलेलं नाही. आजही नवा माल आला, की आम्ही बटण उजेडाला धरतो आणि म्हणतो, खडूसला चालेल का बघ. चाललं तर ठेवतो."

हेडमास्तरांची नजर स्वतःच्या कोटावर गेली. कोटाचं मधलं बटण त्यांनी अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

"म्हणजे या दुकानात माझ्या नावानं माल तपासला जातो?"

"दर वेळी."

ते सगळ्यांकडे वळले. शाळेत निकाल सांगताना उभे राहायचे तसेच उभे राहिले. "ऐकलंत? पोरांनी मला मागून काय काय नावं ठेवली, ती मला सगळी ठाऊक आहेत. त्यातलं एकही एवढ्या कामाचं नव्हतं." मग भिंगरीला म्हणाले, "हे नाव बदलायचं नाही. बदललंस तर मी परत आणून देईन."

पहिल्यांदा बेकरीवाली हसली. ती हसली की बाकीच्यांना न हसून चालत नसे. मग दुकानभर हसू फुटलं आणि त्या हशातच कुणीतरी ओरडलं, "माझं काढ! माझं काय नाव आहे?"

झालं. जो तो उठून उभा राहिला. घड्याळजी 'वेळेवर न येणारे घड्याळजी' निघाले आणि त्यांनी मान्य केलं. चपलांच्या दुकानातल्या जोडप्याच्या वाट्याला 'भांडून एकच बटण घेतलं' आलं, आणि ते कुणाच्या पसंतीचं होतं यावरून त्यांचं तिथंच पुन्हा सुरू झालं. बाळनं स्वतःचं नाव टाकलं तर 'बाळनं गिळलेलं' आलं, लाल, वाटाण्याएवढं.

"गिळलेलं ते हेच?" बेकरीवालीनं संशयानं विचारलं.

"ते नव्हे हो, तसलं!" बाळ ओरडला.

वहिनी डोळे पुसत हसत होती. बाळ येऊन बहिणीच्या कानाशी म्हणाला, "ताई, मघाशी बोललो ते माफ कर."

"गिळून टाक," आत्या म्हणाली. "तुला सवय आहे."

गलका जरा ओसरल्यावर बेकरीवाली भिंगरीजवळ सरकली. "खरं सांगू का? मघाशी ते स्वच्छ स्वच्छ बघून मला वाटलं होतं, हे आपल्याला जमायचं नाही. 'केक, मध्यम आकार.' अगं, माझ्याकडे असलं कुणी मागतच नाही. 'रुसवा काढायचा केक द्या' म्हणतात. मी तसं लिहिलं तर चालेल?"

"माझ्याकडे एक पट्टा आहे," घड्याळजी म्हणाले. "सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळाचा. म्हणजे लोक तसंच मागतात. ज्याला त्याला सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ असतं आणि पट्टा कधीच बसत नाही."

भिंगरी ऐकत होती, आणि आत्याला तिच्या चेहऱ्यावर तो जुना भाव दिसला. लहानपणी दोन सारख्या वाटणाऱ्या रंगांतला फरक सापडला की यायचा तो.

"मी एकच चौकोन दिला होता," ती म्हणाली. "नावाचा. दोन हवेत. एक अनोळखी माणसाला कळावं म्हणून आणि एक आपण म्हणतो ते. शब्द आपल्या भाषेतले घातले की दुकान आपलं झालं असं मी समजत होते, आत्या."

"माणसालासुद्धा दोन नावं असतात," बाळ म्हणाला. "मला विचार."

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "मंडळाच्या बैठकीची वगैरे गरज नाही. माझं दुकान पहिलं लिही. नंतर बेकरी. ओळीनं या, गर्दी करू नका." आणि मोठी माणसं, निम्मी त्यांच्याच शाळेत शिकलेली, खरोखरच ओळीत उभी राहिली. कुणी काही म्हणो, चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही. भिंगरी आणि तिच्या मैत्रिणी एकेकाचा मोबाइल हातात घेऊन बसल्या. आत्याचा जीव भांड्यात पडला.

पण पूर्ण नाही पडला. सौदा जिंकला होता हे खरं. पण दादा हरल्यासारखा एकटा खुर्चीत बसला होता आणि त्याला हरवून मिळालेलं तिला नको होतं. लेक इथं राहिली आणि बाप तिच्याशी बोलायचा थांबला, तर काय उपयोग? या घरानं तसं एकदा पाहिलं होतं. दादानं दुकान सोडून नोकरी धरायचं ठरवलं तेव्हा आप्पांनी अबोला धरला होता. तो पुढं सुटला, पण कधी सुटला ते कुणाला सांगता आलं नसतं, इतका हळू सुटला. त्यानंतर दादा दुकानात यायचा तो गिऱ्हाइकाच्या बाजूलाच बसायचा. काउंटरच्या आत त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

ती त्याच्याजवळ गेली. "सगळ्यांनी आपापला खण काढला. तू नाही बघितलास?"

"माझा कुठला खण असणार?" दादा म्हणाला. "दुकान सोडून गेलेला मी."

"शोधायचा चौकोन आहे ना. लिहून बघ."

त्यानं नको नको म्हणत मोबाइल काढला, 'दादा' लिहिलं आणि लांब धरून वाचलं. मग जवळ धरून वाचलं. मग उठला आणि मोबाइल घेऊन थेट काउंटरच्या आत आला.

"'दादाची मुलाखत,'" तो हळूच म्हणाला. "हे तू लिहिलंस?"

"मी फक्त उतरवलं. लिहिलं आप्पांनी." आत्यानं खिडकीजवळचा वरचा खण ओढून त्याच्यासमोर धरला. शिंपल्याची पांढरी बटणं. आतल्या बाजूला आप्पांचं ते उभट अक्षर, शाई फिकी झालेली, पण वाचता येण्यासारखी.

दादानं एक बटण उचलून तळहातावर घेतलं. "मुलाखतीच्या सकाळी शर्टाचं बटण तुटलं होतं. मी दुसरा शर्ट शोधायला आत गेलो आणि येऊन बघतो तर हा खुंटीला टांगलेला, बटण लावून. तू लावलं होतंस ना?"

"मी?" आत्या म्हणाली. "मी कुठं होते घरी? आमची शाळेची सहल गेली होती. मला वाटलं तुला माहीत आहे."

दादानं खणातलं ते अक्षर पुन्हा वाचलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. आप्पा बोलत नव्हते त्या दिवसांतली ती सकाळ होती. मुलानं जाऊ नये असं ज्यांना पोटातून वाटत होतं त्यांनीच सुई ओवून, जाणाऱ्याच्या शर्टाला बटण लावून दिलं होतं, आणि वर त्या बटणाच्या खणाला त्याचं नाव ठेवलं होतं. आत्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं बटण परत खणात टाकलं, खण आपल्या हातानं लोटून बंद केला आणि मोबाइल घेऊन काउंटरच्या आतल्याच स्टुलावर बसला.

तिकडे हेडमास्तर 'पानं मोजून नेतात ती वही' असं नाव लिहावं की नाही यावर भिंगरीशी वाद घालत होते, इतक्यात घंटी वाजली आणि चादरीवर खूण उमटली. सगळे वळले.

"ऑर्डर!" बाळ किंचाळला. "पहिली ऑर्डर! कुणाची आहे?"

भिंगरीनं उघडली. चादर भरून अक्षरं आली.

'दादाची मुलाखत. पांढरं, शिंपल्याचं. एक.' खाली भिंगरीच्याच घरचा पत्ता. जवळची खूण: 'बायको चारचौघांत गप्प बसवते ते घर.'

वहिनीनं तोंडावर हात घेतला. लोक हसू लागले, पण भिंगरी हसली नाही. ती शेवटचा चौकोन वाचत होती, 'काही सांगायचंय?' असं विचारणारा. त्यात तिच्या बापानं एका बोटानं, वेळ घेऊन, लिहिलं होतं:

'घाई नाही. मुलगी इथंच असते. येताना घेऊन येईल.'